आभाळ सांभाळू की आत्या?

फोटोत आभाळ पांढरं का येतं, यावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सेन्सरची मर्यादा, मीटरचा गोंधळ, दुपारच्या उन्हातला कॉन्ट्रास्ट वगैरे वगैरे. ते सगळं खरं असेल, पण मराठी कुटुंबापुरतं त्याचं मूळ कारण मिसळ हे आहे.

फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं की सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास, हे फोटोचे सोनेरी तास. ऊन तिरपं असतं, मऊ असतं, आणि आभाळाच्या उजेडाचं जमिनीच्या उजेडाशी फारसं भांडण नसतं. आता आमच्या सहलीचं वेळापत्रक बघा. 'पहाटे पाचला म्हणजे पाचला निघायचं' असं आदल्या रात्री ठरतं. पाचला फक्त गजर होतो. सूर्य उगवतो तेव्हा आत्या आंघोळीला गेलेली असते. ती आल्यावर सगळे गाडीत बसतात आणि गॅस बंद केलाय का, हे बघायला एकजण पुन्हा तीन जिने चढून जातो. गॅस बंदच असतो. सोनेरी तासाचा उरलासुरला उजेड मिसळीच्या हॉटेलाबाहेर नंबर लावण्यात जातो, आणि 'रस्सा आण रे अजून' म्हणेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. संध्याकाळचा सोनेरी तास तर आम्ही कधी पाहिलेलाच नाही, कारण 'घाटात अंधार नको'. त्यामुळे आमच्या घराण्याचे झाडून सगळे फोटो दुपारी बारा ते तीन या वेळात निघालेले आहेत.

वडिलांच्या पिढीने यावर तोडगा काढला होता. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. रोलमध्ये बारा फोटो, आणि कॅमेऱ्यावर ठरवायचं एवढंच की आज ऊन आहे की ढग. नियम एक: सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. म्हणजे तो बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत. नियम तसा शास्त्रशुद्ध आहे. चेहऱ्यावर उजेड येतो आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूचं आभाळ निळंही असतं. पण संवाद असे व्हायचे :

"डोळे उघडा!"

"उघडेच आहेत!"

"मग अजून उघडा!"

अल्बमभर काका, मामा, आज्या, सगळे किलकिल्या डोळ्यांनी क्षितिजापलीकडे काहीतरी शोधतायत. माझ्या सासऱ्यांनी लग्न ठरवताना तो अल्बम चाळून अतिशय सौम्यपणे विचारलं होतं, "तुमच्याकडे चष्मा जरा लवकर लागतो का?"

पुढे कॅमेरे हुशार झाले आणि त्यांच्या पोटात मीटर आला. या मीटरचा स्वभाव समजून घेतला तर निम्मा राग जातो. त्याला आत्या दिसत नाही, आभाळ दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. आणि जगात जे काही आहे ते सरासरीने करडं आहे, पडलेल्या उजेडातला अठरा टक्के परत फेकणारं, अशी त्याची श्रद्धा आहे. सरकारी कचेरीतल्या कपाटासारखं. त्याला पांढरंशुभ्र धोतर दाखवा, तो करडं करून देतो. काळी म्हैस दाखवा, तीही करडी. आभाळ दाखवलं की तो दचकतो, 'बापरे, केवढा उजेड!' म्हणतो आणि सगळा फोटो अंधारात लोटतो. आभाळ सुरेख निळं येतं आणि त्याच्यापुढे आमचे समस्त नातेवाईक कोळशाने काढलेले येतात. बरं, चेहऱ्यावर मीटर धरावा तर तो कळवळतो, 'अरेरे, किती अंधार!' आणि इतका उजेड आत घेतो की चेहरे उजळतात, आभाळ मात्र पांढरंफटक.

त्यात आत्या टोपी घालते. लख्ख ऊन आणि त्याच्या शेजारची सावली यांत चार स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा चार स्टॉप म्हणजे सोळापट. टोपीमुळे आत्याची हनुवटी उन्हात आणि कपाळ सावलीत, हा सोळापटीचा संसार एकाच चेहऱ्यावर. आभाळ सांभाळावं तर आत्या काळी, आत्या सांभाळावी तर आभाळ पांढरं. फोटोग्राफीच्या ग्रंथांत याला डायनॅमिक रेंजची मर्यादा म्हणतात. आमच्या घरी याला 'इतके पैसे घालून आणलेला कॅमेरा' म्हणतात.

आमच्या फोटो क्लबातल्या एका ज्येष्ठांना मी हे दुखणं सांगितलं. ते मीटर वापरत नाहीत. मीटर वापरणाऱ्यांशी ते बोलतात, एवढंच.

"सनी सिक्स्टीन," ते म्हणाले. "लख्ख ऊन आहे ना? अ‍ॅपर्चर एफ १६. शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ शंभर तर शटर शंभरावा भाग. विषय संपला."

"आणि ढग आले तर?"

"एफ ८."

"आणि ढग येऊन-जाऊन असले तर?"

"थांबायचं."

ते आत्याबरोबर सहलीला गेलेले नाहीत.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत रायगडला जायचं ठरलं तेव्हा मी निश्चय केला की या वेळी आभाळासकट यायचं. पावसाने धुऊन काढलेलं, निळं, मधूनमधून ढगांचे पुंजके असलेलं त्या दिवसांतलं सह्याद्रीवरचं आभाळ वाया घालवणं हा गुन्हा आहे. पोलरायझर आला, अर्धी काळी काच आली, रिफ्लेक्टर आला, फ्लॅश होताच, आणि तिपाई शेजाऱ्यांकडून आणली. बायकोने बॅग उचलून पाहिली. "रोपवेला वजनाची मर्यादा असते," ती म्हणाली. मग बिलं पाहिली. "एवढ्या पैशांत, जिथलं आभाळ आपोआप निळं येतं अशा देशात जाऊन आलो असतो."

गडावर पोचलो तेव्हा साडेबारा. मिसळ.

पोलरायझर हे प्रकरण मुळात गुणी आहे. भिंगापुढे ही काच लावून फिरवली की आभाळ गडद होतं आणि ढग उठून दिसतात. मात्र सगळीकडचं आभाळ नाही. सूर्यापासून काटकोनात जे असेल तेच सर्वांत जास्त. ते शोधायची युक्ती अशी, की तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा काटकोनात ताठ ठेवायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिथे जिथे जाईल तिथे तिथे आभाळ गडद होणार. मी होळीच्या माळावर उभा राहून हे करत होतो. एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "मुहूर्त बघताय?" मागून एका शाळेची सहल चालली होती. पहिल्या पोराने पाहिलं, त्याने सूर्यावर पिस्तूल रोखलं. मग दुसऱ्याने. बघता बघता अख्खी सातवी ब सूर्यावर गोळ्या झाडू लागली आणि त्यांच्या गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो हात तसाच नेऊन कान खाजवला.

मग काकांना फोटो दाखवला. पडदा बघून ते म्हणाले, "काळा आहे."

"काळा कसा? आभाळ बघा किती निळं आलंय."

"अरे, पूर्ण काळा आहे. काही नाहीच त्यात."

कॅमेरा मी उभा धरला होता आणि काकांनी गॉगल लावला होता. त्यांचा गॉगल निघाला पोलराइज्ड. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडही तसाच एका दिशेने कंप पावणारा, तेव्हा दोन्हींच्या दिशा एकमेकींना काटकोनात आल्या की आरपार अंधार. हे मी काकांना समजावून सांगितलं. गॉगल काढायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी त्यांनी मान खांद्याला टेकेपर्यंत तिरकी केली आणि मग म्हणाले, "हां, आता दिसलं. पण मला तर आभाळ सकाळपासून असंच दिसतंय."

टकमक टोकावर ग्रुप फोटो घ्यायचा, असं बहुमताने ठरलं. मागे मोकळं आभाळ, खाली दरी; फोटोच्या दृष्टीने याहून वाईट जागा गडावर नाही. सगळ्यांच्या पाठीवर ऊन आणि तोंडावर सावली. म्हणून भाच्याच्या हातात चंदेरी रिफ्लेक्टर दिला आणि त्याला सांगितलं, ऊन पकड आणि आत्याच्या चेहऱ्यावर टाक. पोरगं आज्ञाधारक. आत्या किंचाळली, "अरे मेल्या, आग लावतोस का!" तेवढ्यात वारा आला. टकमकचा वारा साधा नसतो. पूर्वी कधी इथे छत्री धरणारा एक सेवक वाऱ्याने छत्रीसकट उचलला गेला आणि खालच्या गावात सुखरूप उतरला, म्हणून ते छत्री निजामपूर, अशी कथा सांगतात. काकांनी ती नेमकी त्याच क्षणी सांगायला घेतली. भाच्याच्या आईने भाच्याला धरलं, तिला तिच्या नवऱ्याने धरलं, त्याला मेहुण्यांनी. निजामपूरकर त्या दिवशी एका चंदेरी वर्तुळाला मुकले.

रिफ्लेक्टर उघडणं सोपं असतं. पिशवीतून काढला की तो स्वतःच फटकन उघडतो, बहुधा कुणाच्या तरी तोंडावर. मिटणं ही वेगळी विद्या आहे. मी प्रयत्न केला. त्याचा आठ झाला. मेहुण्यांनी केला, त्याचं काय झालं त्याला मराठीत आकडा नाही. मेहुणे इंजिनिअर आहेत, त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधला, पण रेंज नव्हती. शेवटी मावशी सरबताचा पेला खाली ठेवून उठली. तिने कड दोन्ही हातांनी धरली, एक हात उताणा, एक पालथा, कड आतल्या बाजूला पिरगाळली, गुडघ्याने मधोमध दाबलं, आणि तीन वेटोळी एकात एक बसून ती चकती पिशवीत गेलीसुद्धा. "हे आधी कुठे पाहिलं होतंस?" मी विचारलं. "पाहायचंय काय त्यात?" मावशी म्हणाली आणि सरबत प्यायला बसली.

रिफ्लेक्टर निवृत्त झाल्यावर मी फ्लॅश लावला. भर उन्हात, सूर्य मागे असताना, चेहऱ्यांवरचा अंधार उजळायला फ्लॅशच लागतो, हे कुठलाही लग्नाचा फोटोग्राफर सांगेल. पण ते टकमकवर जमलेल्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं. "दादा, ऊन कमी पडलं का?" असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "बॅटरी फुकट मिळाली असेल." त्यात फ्लॅश लावला की शटर साधारण दोनशे-अडीचशेव्या भागापेक्षा जलद नेता येत नाही, नेलं तर फोटोचा एक पट्टा काळा येतो. माझा आला. त्या पट्ट्यात मेहुणे होते.

मेहुण्यांचं आणि माझ्या कॅमेऱ्याचं तसंही जमत नाही. फोटोत जिथे उजेड हाताबाहेर गेला असेल ती जागा पडद्यावर काळी-पांढरी लुकलुकते, अशी सोय असते. दुसऱ्या फोटोत आभाळ लुकलुकलं आणि त्याच्याबरोबर मेहुण्यांचं टक्कल. "हे काय?" ते घाबरून म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, तिथे तपशील उरलेला नाही." त्यानंतर जेवणापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता उरली अर्धी काळी काच. वरची बाजू काळपट, खालची स्वच्छ, मध्ये हळूहळू उतरणारी सावली. काळी बाजू आभाळावर आणि स्वच्छ बाजू जमिनीवर बसवायची, की दोन्ही सांभाळली जातात. ही काच ज्याने शोधली तो समुद्रकाठी राहत असावा. तिथे क्षितिज सरळ असतं. सह्याद्रीत ते कुठेही वर जातं, आणि ग्रुप फोटोत तर ते माणसांच्या गळ्याच्या आसपास असतं. मी काच बसवली, मोजमाप केलं, फोटो काढला. आभाळ अप्रतिम! निळं, खोल, ढगांच्या कडा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. फक्त उंच माणसांच्या कपाळापासून वर अंधार पडला होता. काका घरात सगळ्यांत उंच. त्यांनी फोटो मान तिरकी करून पाहिला, मग चक्क गॉगल काढून पाहिला.

"केस काळे आलेत," ते हळू आवाजात म्हणाले.

"काका, ती काच..."

"राहू दे, राहू दे. इथून पुढचे सगळे त्याच काचेतून काढ."

मंडळी ताक प्यायला बसली तेव्हा मला मोठमोठ्या माणसांची आठवण येऊन धीर आला. हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला इतक्या हावरट होत्या की आभाळ हमखास पांढरं यायचं. पॅरिसच्या ग्युस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास त्यावर उपाय काढला. समुद्र एका काचेवर टिपायचा, आभाळ दुसऱ्या काचेवर, आणि छापताना जोड द्यायचा. एक चांगलं आभाळ हाती लागलं की ते त्याने एकाहून जास्त समुद्रांवर वापरलं. इतकी काटकसर पाहता त्याचं मूळ सदाशिव पेठेत शोधायला हवं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे पांढऱ्या आभाळाची कुरकुर आपल्याकडेही तेव्हापासून चालू असणार. आपल्या स्टुडिओवाल्यांनी मात्र डोकं चालवलं. आभाळाच्या नादी लागण्यापेक्षा त्यांनी ते पडद्यावर रंगवून घेतलं, शेजारी एक खांब आणि एक हंस काढला, आणि गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन माणसाने तर १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटीच्या हाफ डोम कड्यासमोर, अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फातून चढून जाऊन, मोजक्या प्लेटांतली एक पिवळ्या फिल्टरवर खर्च केली. मनासारखं आभाळ येणार नाही असं वाटल्यावर त्याने शेवटची प्लेट गडद लाल फिल्टरने घेतली. आभाळ जवळजवळ काळं आलं आणि तो फोटो जगभर गाजला. त्याची होणारी बायकोही बरोबर चढून आली होती. 'झालं का?' असं तिने विचारल्याचं निदान माझ्या वाचनात नाही. उलट पुढल्या वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"एकच राहिलंय."

राहिलं होतं ते ब्रॅकेटिंग. तिपाईवर कॅमेरा ठेवायचा, एक फोटो दोन स्टॉप कमी, एक बरोबर, एक दोन स्टॉप जास्त. घरी गेल्यावर पहिल्यातून आभाळ घ्यायचं, तिसऱ्यातून आत्या, आणि सगळं एकत्र करायचं. अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत कोणी हलायचं नाही. ही अट वेरूळच्या लेण्यांना घालता येईल. आमच्यात पहिल्या फोटोला काकांनी 'हसा' म्हटलं, दुसऱ्याला सगळे हसले, तिसऱ्याला आत्याने विचारलं, "झाला का?" आणि पदर सावरला. कॉम्प्युटरने इमानेइतबारे जोडून दिलेल्या चित्रात आत्याला सहा हात आहेत, भाच्याच्या पोटातून दरी दिसते, आणि मेहुणे कुठेच नाहीत. आत्याने तो फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिला नमस्काराचे बरेच हात आले.

भाचा हे सगळं मोबाइल खिशात ठेवून शांतपणे पाहत होता. "मामा, एक काढू?" म्हणाला. आत्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, खट् केलं. त्या एका खट्मध्ये फोन पटापट बरेच फोटो काढतो, कुणी हललं असेल तर त्याचाही हिशेब लावतो आणि सगळं जुळवून पुढे करतो. आभाळ होतं. आत्या होती. हात दोनच होते. मी म्हटलं, आभाळ जरा फिकं आहे. "मग बदलू की," तो म्हणाला, आणि रायगडावर गुलाबी संध्याकाळ आणून ठेवली. सूर्य बुडतोय आणि प्रत्येकाची सावली दीड हातावर संपतेय! मी हे दाखवून दिलं. "सावली कोण बघतं, मामा?" तो म्हणाला. खरं आहे. फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायची सोय २०२० साली आली, त्यानंतर ओळखीतल्या एका प्री-वेडिंग अल्बमात मी पानशेत धरणावर उत्तर ध्रुवाकडचे हिरवे झोत पाहिलेले आहेत. नवऱ्या मुलाचे वडील ते पान उघडून सगळ्यांना दाखवत होते, "लोकेशन इथलंच आहे बरं का."

तरी मी हटलो नाही. त्या अर्ध्या काळ्या काचेतून आलेलं आभाळ अस्सल होतं. ते मी मोठं करून घेतलं, चांगल्या कागदावर छापून घेतलं, आणि भाऊबीजेनंतर सगळे जमले तेव्हा टेबलावर ठेवलं. सगळे त्यावर वाकले. आत्या म्हणाली, "माझे डोळे मिटलेत." मावशी म्हणाली, "ही साडी नेसायला नको होती." मेहुण्यांनी स्वतःला शोधलं आणि सापडल्यावर समाधानाने मागे सरकले. आभाळाबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

काका तेवढे मागे राहिले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो नाकाजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं, चला, घरात एक तरी रसिक आहे.

"उत्तम आलाय," ते म्हणाले. "असा फोटो माझा आजवर कोणी काढला नाही. एक काम कर. यातून मला एकट्याला काप, आणि मागचं ते आभाळ तेवढं पांढरं करून दे."

"पांढरं?"

"लेकीकडे जायचंय ना अमेरिकेला. पासपोर्टला निळं चालत नाही."